पेटी ते अनुक्रमक : स्थिरस्वर साधनांचा विकास

ज्या वाद्यात अथवा साधनात स्वरांची उंची, आणि काही वेळा लयीची गतीही, वादनापूर्वीच बसवून ठेवलेली असते, त्यास स्थिरस्वर साधन म्हणता येईल. हार्मोनियम किंवा पेटी हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण होय. विद्युत् तंबोरा, तालयंत्र आणि संगणकावर चालणारी अनुक्रमक आज्ञावली ही त्याची अलीकडील रूपे होत. अनुक्रमक म्हणजे स्वर, त्यांचा क्रम, कालावधी व आघाताचा जोर यांची नोंद साठवून ती ठरलेल्या वेळी वाजविणारे साधन. पेटीत फक्त स्वर आधी ठरलेले असतात. अनुक्रमकात स्वराबरोबर काळही आधी ठरतो. भारतीय गायनात मात्र स्वर व लय या दोन्ही गोष्टी गायक मैफलीत प्रत्यक्ष घडवीत असतो. त्यामुळे अशा साधनांचा आपल्या संगीतात झालेला प्रवेश हा नेहमीच वादाचा विषय ठरला आहे. या वादाचा निकाल सिद्धांतापेक्षा मैफलीत व रंगभूमीवर लागला. गाणाऱ्याच्या गळ्याने दाखविलेला दोष साधन बनविणाऱ्यापर्यंत वा वाजविणाऱ्यापर्यंत पोहोचला, तेथे साधन सुधारले. जेथे तो पोहोचला नाही, तेथे ते मागे पडले. महाराष्ट्रातील, विशेषतः कोकणातील, पेटीचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे.

पेटीचे आगमन व रंगभूमी : पायाने भाता चालविण्याची हार्मोनियम पॅरिसमध्ये अलेक्सांद्र दबॅं याने १८४२ साली स्वामित्वहक्काने नोंदविली. मिशनऱ्यांच्या व इंग्रज कुटुंबांच्या द्वारे ती भारतात आली. येथील गायक-वादक जमिनीवर बसत असल्याने पायभाता गैरसोयीचा होता. कोलकात्याचे वाद्यनिर्माते द्वारकानाथ घोष यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भाता मागील बाजूस आणून तो डाव्या हाताने चालविण्याची सोय केली. उजवा हात स्वरांसाठी व डावा हात हवेसाठी, ही श्रमविभागणी भारतीय बैठकीने या वाद्यावर घडविलेली पहिली मोठी सुधारणा होय. हिंदुस्थानी संगीतात एका वेळी एकच स्वरपंक्ती वाजत असल्याने दोन्ही हातांची गरज उरली नाही, हे या बदलामागील संगीतशास्त्रीय कारण होय.

मराठी रंगभूमीने मात्र वेगळी मागणी केली. १८८० साली पुणे येथे अण्णासाहेब किर्लोस्करांच्या संगीत शाकुंतलाचा प्रयोग झाल्यानंतर संगीत नाटक हे महाराष्ट्रातील सर्वांत लोकप्रिय करमणुकीचे साधन बनले. ध्वनिवर्धक नसलेल्या त्या काळात नाट्यगृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत स्वर पोहोचविण्याची जबाबदारी साथीदारांवर होती. या कामी पायाने चालणारा भारदस्त आवाजाचा ऑर्गन सोयीचा ठरला आणि तो नाटकमंडळ्यांचा अविभाज्य घटक झाला. गोविंदराव टेंबे (१८८१–१९५५) यांच्यासारख्या कलावंतांनी पेटीला साथीच्या वाद्यापलीकडची प्रतिष्ठा मिळवून दिली. १९११ साली रंगभूमीवर आलेल्या मानापमान या नाटकाचे संगीतही त्यांचेच होते.

नाटकाच्या प्रयोगात पेटीवाल्यापुढे एक विशिष्ट अडचण असे. एकाच नाटकात एक नट काळी एकमध्ये, दुसरा पांढरी चारमध्ये, तर स्त्रीभूमिकेतील गायक त्याहून उंच पट्टीत गाई. वादकाला दर पदाला षड्ज बदलून तेच पद निराळ्या पट्ट्यांवर वाजवावे लागे. यासाठी कोणतीही पट्टी षड्ज मानली, तरी उरलेल्या स्वरांची अंतरे सारखीच राहिली पाहिजेत. पाश्चात्त्य समविभाजित सप्तक ही अट पूर्ण करते. त्यात सप्तकाचे बारा अगदी समान भाग केलेले असतात. पेटीच्या प्रसाराला हे सप्तक कारणीभूत झाले आणि तिच्यावरील मुख्य आक्षेपही त्यातूनच निर्माण झाला.

समविभाजनाचा दोष : सप्तकाचे १,२०० सेंट मानल्यास समविभाजित सप्तकात शुद्ध गांधार ४०० सेंटवर येतो. तंबोऱ्याच्या तारेतून स्वयंभूपणे ऐकू येणारा गांधार मात्र सु. ३८६ सेंटवर असतो. शुद्ध धैवत ९०० ऐवजी सु. ८८४ सेंटवर आणि कोमल गांधार ३०० ऐवजी सु. ३१६ सेंटवर गोड लागतो. पंचमातील फरक मात्र अवघा दोन सेंटांचा असल्याने तो कानास जाणवत नाही. षड्जाची कंप्रता सेकंदास २४० मानली, तर स्वयंभू गांधाराची ३०० व पेटीच्या गांधाराची सु. ३०२.४ होते. हा फरक लहान वाटला, तरी षड्जाचा पाचवा व गांधाराचा चौथा संवादी अंश एकत्र वाजू लागताच सेकंदाला नऊ ते दहा विस्पंद निर्माण होतात. तंबोऱ्याबरोबर वाजणारी पेटी ‘करकरते’ असे गवई म्हणतात, त्याचे भौतिक कारण हेच होय.

याशिवाय दुसरा आक्षेप अधिक मूलभूत आहे. दरबारी कानड्याचा गांधार एका बिंदूवर उभा राहत नाही. तो आंदोलित असतो. तोडीचा व भैरवाचा कोमल ऋषभ सारखा लागत नाही. मींड म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणे पेटीला अशक्य आहे. या कारणांमुळे आकाशवाणीने १९४० साली पेटीवर बंदी घातली. ती १९७१ मध्ये अंशतः शिथिल होईपर्यंत सुमारे तीन दशके पेटी नभोवाणीबाहेर राहिली. याच काळात महाराष्ट्रातील रंगभूमी, भजन आणि खाजगी बैठकी यांतून ती अधिकाधिक परिपक्व होत गेली, ही गोष्ट लक्षणीय आहे.

श्रुती-हार्मोनियमचा प्रयोग : पेटीचा दोष गणिताने दूर करण्याचा पहिला पद्धतशीर प्रयत्न महाराष्ट्रातच झाला. निवृत्त सरकारी अधिकारी कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ (१८७२–१९३७) यांच्या गायनाच्या आधारे श्रुतींची मोजमापे केली आणि १९१० साली बावीस श्रुतींवर इंग्रजीत पुस्तिका प्रसिद्ध केली. साताऱ्यास न्यायाधीश असलेल्या ई. क्लेमंट्स यांनी या कार्यात रस घेतला व दोघांच्या प्रयत्नांतून इंग्लंडमध्ये श्रुती-हार्मोनियम तयार करवून घेण्यात आली. १९१६ साली बडोदे येथे भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय संगीत परिषदेत तिचे प्रात्यक्षिक झाले. परंतु तेथे जमलेल्या गायकांच्या प्रत्यक्ष स्वरांशी तिचे स्वर जुळत नाहीत, असा आक्षेप घेण्यात आला. विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) हेही अशा काटेकोर श्रुतिनिश्चितीच्या विरोधात होते. वाद्यास मान्यता मिळाली नाही व पुढे ते प्रचारात राहिले नाही.

या अपयशाची मीमांसा करताना देवल-क्लेमंट्स यांच्या परिश्रमांना कमी लेखण्याचे कारण नाही. त्यांची सुरुवात एका श्रेष्ठ गायकाच्या गळ्यापासूनच झाली होती. पण गळ्याकडून घेतलेले माप एकदा कोष्टकात बसल्यावर ते पुन्हा गळ्याकडे तपासणीसाठी गेले ते थेट परिषदेच्या व्यासपीठावर, वाद्य पूर्ण बनून आल्यानंतर. दरम्यान दुरुस्तीला वाव राहिला नव्हता. १९६३ साली नझीर जैराजभॉय व स्टोन यांनी ध्वनिमुद्रणांवर केलेल्या मोजमापांत असे दिसून आले की, एकच कलावंत एकाच रागातील एकच स्वर दरवेळी थोडा निराळा लावतो. म्हणजे मोजमापात चूक नसली, तरी मोजावयाची वस्तूच स्थिर नव्हती.

कोकणातील परंपरा : रत्नागिरी जिल्ह्यात, १९८१ साली सिंधुदुर्ग वेगळा होण्यापूर्वीच्या विस्तृत जिल्ह्यात तर विशेषच, पेटी हे गावोगावच्या देवळांतील वाद्य आहे. डबलबारी भजनात दोन बुवा समोरासमोर गातात व पेटीवर बहुधा बुवा स्वतःच असतो. प्रतिस्पर्ध्याच्या गजराला तत्काळ उत्तर द्यावयाचे असल्याने चाल, पट्टी व लय आयत्या वेळी बदलावी लागते. दशावतारी नाटकात लिखित संहिता नसते. नटाचे भाषण कोठे संपेल व पद कोठे सुरू होईल, हे पायपेटीवाल्याने नटाच्या चेहऱ्याकडे पाहून ओळखावयाचे असते. रात्रभर चालणाऱ्या या प्रयोगांत आधी ठरविलेले फारसे काही टिकत नाही. साथीदाराची कसोटी पाहणारी याहून कठोर शाळा क्वचितच आढळेल.

ऑर्गन व हार्मोनियम यांचे विख्यात वादक गोविंदराव पटवर्धन (१९२५–१९९६) यांचा जन्म गुहागर तालुक्यातील अडूर या गावी झाला. छोटा गंधर्व, राम मराठे, वसंतराव देशपांडे, कुमार गंधर्व इ. गायकांना त्यांनी साथ केली. नाट्यपदांची साथ ही त्यांची खास ओळख होती. अशा साथीत पेटीचा दोष वादक आपल्या हाताने झाकतो. तो बेसूर वाटणाऱ्या गांधारावर थांबत नाही, त्याला लगेच लगतच्या स्वराचा कण देतो. भात्याचा दाब कमी करून तो स्वर मागे ठेवतो. मींडेच्या जागी जलद कणस्वरांची मालिका गुंफून घसरण्याचा भास निर्माण करतो. गायक स्वर लावून मोकळा झाल्यावरच त्याला उचलून धरतो. ही सर्व तंत्रे मैफलीतून शिकलेली आहेत. पी. मधुकर, अप्पा जळगावकर, तुळशीदास बोरकर आदी वादकांच्या वादनातही ती आपापल्या ढंगाने दिसतात.

वाद्याच्या रचनेतही मैफलीने बदल घडविले. पट्ट्यांची संपूर्ण चौकट डावीउजवीकडे सरकवून षड्ज बदलण्याची सोय असलेली ‘स्केल चेंजर’ पेटी ही अनेक गायकांबरोबर वाजविणाऱ्या साथीदाराच्या गरजेतून रूढ झाली. तिच्यात बोटांची ठेवण तीच राहून पट्टी बदलते. पण यासाठी पेटी समविभाजितच लावावी लागते. उलटपक्षी, एकाच गायकाबरोबर वाजविणारे काही वादक पेटी त्या गायकाच्या षड्जानुसार लावून घेतात. पितळी पत्तीचे टोक घासले असता स्वर चढतो व मुळाशी घासले असता उतरतो. या पद्धतीने तंबोऱ्यातून ऐकू येणाऱ्या गांधाराशी पेटीचा गांधार मिळविता येतो. त्याला ‘गांधार ट्यूनिंग’ म्हणतात. ही पेटी त्या पट्टीत अतिशय गोड लागते, पण पट्टी बदलताच बिघडते. सोय आणि सुरेलपणा या मैफलीच्याच दोन मागण्या असून त्या परस्परांविरुद्ध आहेत. म्हणून पेटीची सुधारणा एका दिशेने झाली नाही. नागपूरचे मनोहर चिमोटे यांनी एकल वादनासाठी पेटीत बदल करून ‘संवादिनी’ या नावाने ती लोकप्रिय केली. गोविंदराव पटवर्धनांचे शिष्य विद्याधर ओक यांनी एकविसाव्या शतकाच्या प्रारंभीच्या काळात बावीस श्रुतींची पेटी सिद्ध केली. तिच्यात षड्ज व पंचम अचल असून उरलेल्या दहा स्वरांपैकी प्रत्येकाला दोन स्थाने आहेत. पट्टीशी जोडलेली खुंटी ओढून वा ढकलून रागास अनुकूल स्थान निवडता येते व बोटांची परिचित ठेवण बदलत नाही. देवलांचेच उद्दिष्ट येथे पुन्हा हाती घेतले गेले, पण यावेळी निवड साठवून ठेवलेल्या कोष्टकाकडे न राहता वादकाच्या हाती आली.

विद्युत् साधने : १९७९ च्या सुमारास बंगळूर येथे बासरीवादक व अभियंता असलेल्या जी. राज नारायण यांनी विद्युत् श्रुतिपेटीची निर्मिती सुरू केली. त्यापाठोपाठ विद्युत् तंबोरा व तालयंत्र प्रचारात आले. प्रारंभीच्या साधनांत विद्युत् मंडलाने स्वर निर्माण केला जाई. जवारीचा नाद त्यात उतरत नसे. पुढे अस्सल तंबोऱ्याच्या तारांचे ध्वनी नोंदवून ते वाजविण्याची पद्धत आली. तारा छेडण्याची गती व पहिल्या तारेचा स्वर बदलण्याची सोयही झाली. कारण मालकंसासारख्या पंचमवर्ज्य रागात पंचमाऐवजी मध्यमाची तार लावावी लागते, हे वापरणारे गायक सांगू शकत होते. तंबोरा तालाशी बांधलेला नसतो. म्हणून त्याची यांत्रिक नक्कल मैफलीत खपून गेली. तालयंत्र मात्र मुख्यतः रियाजापुरते मर्यादित राहिले.

अनुक्रमकाचा उदय : मुंबईत अनुक्रमकाचा भारतीय संगीतासाठी झालेला एक आरंभीचा प्रयोग चित्रपटसंगीतातील वादक चरणजित सिंग यांचा होय. १९८२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ध्वनिमुद्रिकेत दहा राग रोलँड कंपनीच्या ज्युपिटर–८, टीबी–३०३ व टीआर–८०८ या यंत्रांवर वाजविलेले आहेत. टीबी–३०३ मध्ये सोळा पायऱ्यांचा आकृतिबंध साठविता येई व दोन स्वरांमध्ये घसरण्याची सोय असे. मींडेचे हे स्थूल रूप ऐकताना रागांचे स्वरूप ओळखू येते, पण लय अथपासून इतिपर्यंत यंत्राची असते. ही मुद्रिका त्या वेळी फारशी खपली नाही. २०१० साली ती परदेशात पुन्हा प्रकाशित झाल्यावर तिची जगभर चर्चा झाली.

१९८३ साली निरनिराळ्या कंपन्यांच्या वाद्यांना परस्परांशी जोडणारी ‘मिडी’ ही संकेतप्रणाली सर्वसंमत झाली. तिच्यात प्रत्येक स्वरास ० ते १२७ पैकी एक क्रमांक असतो व लगतच्या दोन क्रमांकांत एका अर्धस्वराचे अंतर असते. म्हणजे पेटीचीच पट्टी येथे अंकरूप झाली. स्वर वाकविण्यासाठी १६,३८४ सूक्ष्म पायऱ्यांची स्वतंत्र सूचना होती. परंतु ती त्या वाहिनीवरील सर्व स्वरांना एकदम लागू होई. त्यामुळे गांधाराला आंदोलन दिले, की त्याच वाहिनीवरील षड्जही डोलू लागे. यावर वादक प्रत्येक स्वराला वेगळी वाहिनी देऊन मार्ग काढीत. त्यांची ही युक्तीच २०१८ साली प्रमाण म्हणून स्वीकारली गेली व २०२० मध्ये मान्य झालेल्या मिडीच्या दुसऱ्या आवृत्तीत प्रत्येक स्वर स्वतंत्रपणे वाकविण्याची तरतूद झाली.

काळाच्या बाबतीतही असेच घडले. मिडीमध्ये एका ठोक्याचे २४ भाग करून यंत्रांची गती जुळविली जाते. विलंबित एकतालात एक मात्रा पाच सेकंद चालली, तर दोन स्पंदांत सुमारे एकपंचमांश सेकंद जातो आणि मात्रेच्या आतील बोलांची वीण राखण्यास ते अपुरे पडते. शिवाय मिनिटाला बारा ठोके इतकी संथ गती काही आज्ञावली स्वीकारतच नाहीत. म्हणून मात्रेचा चौथा भाग हाच ठोका मानून एकतालाचे आवर्तन ४८ ठोक्यांचे मांडावे लागते. हा तोडगा व्यवहार्य आहे, पण त्याने आवर्तनात सहजपणे वाढत जाणारी लय मिळत नाही.

प्रयोगातून झालेली सुधारणा : यंत्राने माणसामागे चालावे, या दिशेने पहिले पाऊल संगणकीय संगीताच्या १९८४ सालच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत पडले. रॉजर डॅननबर्ग व बॅरी व्हर्को यांनी स्वतंत्रपणे असे संगणक दाखविले, की जे वादकाचे वादन ऐकून लिखित स्वरलिपीतील त्याचे स्थान ओळखत व त्यानुसार साथ करीत. पॅरिसच्या ईरकाम संस्थेत मिलर पकेट यांनी ‘मॅक्स’ ही आज्ञावली तयार केली, ती फिलिप मानुरी यांच्या रचनांचे प्रयोग व्यासपीठावर साकार करण्याच्या गरजेतून. बर्लिनमध्ये गेरहार्ड बेलेस व रोबर्ट हेंके यांनी आपल्याच जाहीर कार्यक्रमांसाठी रचलेल्या साधनांतून पुढे ‘लाइव्ह’ ही आज्ञावली २००१ साली बाजारात आली. तीत ध्वनिखंडांचा क्रम आधी ठरविण्याचे बंधन नव्हते. पुढचा खंड वादक वाजविता वाजविता निवडू शके. वादकाचा ठोका ऐकून आपली गती बदलण्याची सोय तीत २०२१ मध्ये व बारा समान भागांखेरीज अन्य स्वरसप्तके वापरण्याची सोय २०२४ मध्ये आली. देवलांनी १९१० मध्ये मांडलेला गांधाराचा प्रश्न अशा रीतीने एका प्रचलित आज्ञावलीत शतकानंतर सोडविला गेला.

मूल्यमापन : या साधनांना ख्यालगायनात अद्याप एक मोठा अडथळा आहे. स्वरलिपीमागे चालणाऱ्या संगणकाला पुढे काय येणार ते ठाऊक असते. ख्यालात लिखित स्वरलिपी नसते. तेथे फक्त आवर्तन व मुखडा असतो. गायक समेकडे निघाला आहे, हे तबलजी त्याच्या श्वासावरून, हाताच्या हालचालीवरून व मुखड्याच्या पहिल्या अक्षरावरून ओळखतो, आणि गायक किंचित मागे राहिल्यास ठेका नकळत सांभाळून घेतो. ठेका सांभाळणे म्हणजे लय सोडणे नव्हे. हा सूक्ष्म भेद यंत्रास शिकवावयाचा, तर त्याचे शिक्षण तबलजीच्या शेजारीच व्हावयास हवे.

दुसऱ्या बाजूस एक धोकाही संभवतो. साधन माणसाशी जुळवून घेत नाही, तेव्हा माणूस साधनाशी जुळवून घेऊ लागतो. समविभाजित पेटीवर गाणे शिकलेल्या विद्यार्थ्याचा गांधार पेटीसारखाच चढा लागतो, ही तक्रार जुनी आहे. सदैव एकाच गतीच्या तालयंत्रावर रियाज करणाऱ्यास जिवंत तबल्याबरोबर गाताना अडखळावयास होते, ही तिचीच नवी आवृत्ती होय. पेटीच्या बाबतीत हा धोका बऱ्याच अंशी टळला, कारण नाट्यगृहात, देवळात व बैठकीत तिच्याशेजारी सतत एक गाणारा गळा होता. त्याने तिचे दोष रोज दाखविले आणि वादकांनी व कारागिरांनी ते ऐकले. अनुक्रमकाची निर्मिती बहुधा दूरच्या देशात होते व त्याचा वापर एकांतात होतो. म्हणून तो आपल्या संगीतास कितपत उपयोगी पडेल, हे त्याच्या गणनशक्तीइतकेच त्याच्या निर्मात्याच्या कानापर्यंत मैफल कितपत पोहोचते यावर अवलंबून राहील.